पेशीतल्या रसायनांचा नकाशा: चित्र कसं निघतं आणि कुठे फसवतं

उंदराच्या अनुमस्तिष्काचा, म्हणजे मेंदूच्या मागच्या खालच्या भागाचा, दहा मायक्रॉन जाडीचा काप काचेवर ठेवला की डोळ्यांना दिसतो तो फक्त एक दुधाळ डाग. मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंगच्या यंत्रात तोच काप घातला आणि पडद्यावर ८८८.६२ या वस्तुमानाचं चित्र मागितलं, तर काळ्या पार्श्वभूमीवर फांद्या पसरलेलं झाड उमटतं. ते झाड म्हणजे मेंदूतला पांढरा भाग. ८८८.६२ हे सल्फटाइड नावाच्या मेदाचं वस्तुमान आणि हा मेद मज्जातंतूंच्या वेष्टणात ठासून भरलेला असतो. कुठलाही रंग लावलेला नाही, ठरावीक रेणूलाच चिकटणारी अँटिबॉडी वापरलेली नाही. त्याच मोजणीतून आणखी शेकडो वस्तुमानांची चित्रं काढता येतात आणि त्यांपैकी कुठली बघायची हे आधी ठरवावंही लागत नाही.

रंग देऊन बघण्याच्या नेहमीच्या पद्धतीत आणि या पद्धतीत हाच मोठा फरक. रंग किंवा अँटिबॉडी वापरायची तर काय शोधायचंय ते आधी माहीत हवं. इथे आधी सगळं मोजायचं आणि मग शोधायचं.

या चित्रांबद्दल एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करून घ्यावी. एखादी जागा उजळली म्हणजे तिथे तो रेणू जास्त आहे, असं नाही. तिथून तो जास्त उडाला आणि त्याला प्रभार जास्त मिळाला, एवढंच चित्र सांगतं. दोन्ही गोष्टी बऱ्याचदा जुळतात. जुळत नाहीत तेव्हा काय होतं, ते पुढे एका उदाहरणात नीट बघू.

ठिपक्यांची रांगोळी

रांगोळीत आधी ठिपके मांडतात, चित्र नंतर. इथेही तसंच. कापावर समान अंतरावर ठिपक्यांचं एक अदृश्य जाळं आखलेलं असतं. लेझर पहिल्या ठिपक्यावर काही डझन ते काहीशे वेळा चमकतो, तिथले रेणू उडवतो, यंत्र त्यांची वस्तुमानं मोजतं, मग काच ठेवलेला मंच एक पाऊल सरकतो. दर ठिपक्याला वस्तुमानांचा एक पूर्ण आलेख मिळतो. सगळे ठिपके झाले की एक वस्तुमान निवडायचं आणि त्या आकड्याच्या शिखराची उंची प्रत्येक ठिपक्यावर रंगाने दाखवायची. झालं चित्र.

अडचण उडवण्यातच आहे. मेद किंवा प्रथिनासारख्या मोठ्या रेणूवर थेट लेझर मारला तर तो फुटतो. म्हणून कापावर आधी मॅट्रिक्सचा थर देतात. लेझरचा प्रकाश शोषून घेणारं हे लहानसं सेंद्रिय आम्ल किंवा अमाइन असतं. लेझरची ऊर्जा ते स्वतः गिळतं, भसकन वाफ होतं आणि जाताना आपल्यातले पाहुणे रेणू सोबत घेऊन जातं. या ओढाताणीत काहींना प्रभार मिळतो. या पद्धतीचं नाव माल्डी. जर्मनीत फ्रान्झ हिलेनकांप आणि मिखाएल कारास यांनी १९८०च्या दशकात ती घडवली. त्याच सुमारास जपानमध्ये कोइची तानाका यांच्या हातून ग्लिसरीन आणि धातूची बारीक पूड चुकून एकत्र झाली. मिश्रण फेकून देणं जिवावर आलं म्हणून त्यांनी ते तसंच वापरून पाहिलं आणि मोठे रेणू न फुटता उडाले. २००२च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. ऊतींच्या कापांवर हे तंत्र चालवून चित्रं काढण्याची वाट रिचर्ड कॅप्रिओली यांच्या गटाने १९९७ साली दाखवली.

वस्तुमान मोजायचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे शर्यत. सगळ्या आयनांना, म्हणजे प्रभार मिळालेल्या रेणूंना, २० हजार व्होल्टचा सारखाच धक्का द्यायचा आणि निर्वात नळीत सोडायचं. हलके आधी पोचतात, जड मागून. ७६० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचं एकक, साधारण एका हायड्रोजन अणूएवढं) आयन सेकंदाला सुमारे ७१ किलोमीटर वेगाने जातो आणि दोन मीटरची नळी २८ मायक्रोसेकंदांत पार करतो. त्याच्याहून एक डाल्टन जड असलेला भाऊ त्याच्या मागून १८ नॅनोसेकंदांनी येतो. काच किंचित वाकडी बसली, कापाचा एक कोपरा उचललेला राहिला, तर धावण्याची सुरुवातच वेगळ्या जागेवरून होते आणि तिथली सगळी वस्तुमानं थोडी सरकतात. सरळ रेषेतल्या जुन्या धाटणीच्या नळ्यांमध्ये हा त्रास जास्त. ऑर्बिट्रॅपसारख्या यंत्रांत मोजणी उडण्याच्या जागेपासून तोडलेली असते, त्यामुळे तिथे तो नसतो. पण ती यंत्रं हळू चालतात.

काप बिघडला की सगळं बिघडलं

फसलेल्या मोजण्यांचं मूळ शोधत गेलं तर बहुतेक वेळा ते यंत्रात सापडत नाही, ऊती कशी गोठवली त्यात सापडतं. ऊती शरीराबाहेर आली की तिला रक्त मिळत नाही, पण तिच्यातली रसायनं चालूच असतात. मेंदूतला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तर सेकंदांच्या हिशेबात तुटू लागतो. तेव्हा गोठवणं झटपट हवं.

झटपट म्हणजे थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवणं नव्हे. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो खाली वाफेची गादी करून नाचत राहतो, चटकन आटत नाही. उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये ऊती टाकली की तिच्याभोवती तशीच वायूची गादी तयार होते. गार होणं मंदावतं, बाहेरचा थर आधी कडक होतो, आतला नंतर फुगतो आणि ऊतीला तडे जातात. म्हणून कोरड्या बर्फाने गार केलेल्या आयसोपेंटेनमध्ये ती हळूच सोडतात किंवा अॅल्युमिनियमच्या फॉइलची होडी करून नायट्रोजनवर तरंगवतात. मग उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये, हवाबंद.

कापताना नवख्यांची हमखास होणारी चूक ओसीटीची. पॅथॉलॉजीत ऊती या चिकट द्रवात बुडवून गोठवायची सवय असते. ओसीटीत पॉलिएथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते आयन व्हायला इतकं उत्सुक असतं की बाकीच्यांना संधीच मिळत नाही. आलेखात दर ४४ डाल्टनला एक अशी शिखरांची शिस्तबद्ध रांग दिसली तर समजावं, कुठून तरी ओसीटी किंवा डिटर्जंट शिरलंय. ऊतीचा खालचा भाग तेवढा पाण्याच्या थेंबाने कापण्याच्या यंत्रातल्या चकतीला चिकटवावा. फारच लहान किंवा भुसभुशीत ऊती असेल तर जिलेटिन किंवा कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजमध्ये बसवावी.

क्रायोस्टॅट, म्हणजे गोठलेली ऊती कापणारं यंत्र, साधारण उणे २० अंशांवर, काप १० ते १२ मायक्रॉनचा. काच साधी चालत नाही. वीज वाहून नेणारा इंडियम-टिन ऑक्साइडचा थर असलेली लागते, आणि थर कुठल्या बाजूला आहे हे मल्टिमीटरने तपासूनच काप ठेवावा. उलट्या बाजूला ठेवलेला काप यंत्रात गेल्यावरच कळतो. काचेच्या मागून बोट टेकवलं की काप वितळून चिकटतो. लगेच डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद पात्रात, अर्धा तास.

उणे ८० अंशांवर ठेवलेली काच बाहेर काढताना आणखी एक धोका असतो, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तो दुप्पट. गार काच उघड्यावर आली की हवेतली वाफ तिच्यावर दंव धरते आणि पाण्यात विरघळणारे रेणू त्या दंवात पसरतात. मग सीमा पुसट दिसतात आणि दोष यंत्राला दिला जातो. डबी उघडायची नाही. ती तशीच निर्वात डेसिकेटरमध्ये ठेवायची आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची.

ओलं की कोरडं

मॅट्रिक्स कुठलं, हे काय बघायचंय त्यावर ठरतं. धन प्रभाराच्या मेदांसाठी डीएचबी, ऋण प्रभारात लहान चयापचयी रेणू बघायचे तर नऊ-अमिनोअॅक्रिडीन, मेदांना दोन्ही बाजूंनी चालणारं डायअमिनोनॅफ्थलीन, प्रथिनांसाठी सिनॅपिनिक आम्ल. खरी परीक्षा ते लावण्यात असते.

फवारणीत मॅट्रिक्स पाणी-मिथेनॉलच्या मिश्रणात विरघळवून तापलेल्या नळीतून बारीक तुषारांनी मारतात. थेंबातला ओलावा ऊतीत मुरतो, रेणू बाहेर ओढतो, आणि सुकताना ते स्फटिकात अडकतात. ओलावा जास्त झाला तर रेणू आडवे वाहतात, कमी झाला तर बाहेरच येत नाहीत. थालीपिठावर तेल सोडण्यासारखं हे काम हातालाच कळतं, पण हातावर सोडलं तर दोन काच सारख्या होत नाहीत. म्हणून फवारणीचं यंत्र वापरतात आणि एकदाच जाड थर देण्याऐवजी आठ-दहा पातळ थर देतात.

दुसरी वाट संप्लवनाची, म्हणजे कोरड्या पुडीची थेट वाफ करून गार काचेवर जमवायची. बंद काचपात्रात तळाशी सुमारे ३०० मिलिग्रॅम डीएचबी, वर बर्फाच्या पाण्याने गार ठेवलेल्या पृष्ठभागाला चिकटवलेली, तोंड खाली केलेली काच. पंपाने निर्वात करायचं, खालून १२० अंशांच्या आसपास तापवायचं, दहाएक मिनिटं. स्फटिक एक मायक्रॉनच्या घरात येतात आणि काहीच वाहत नाही. वेळेवर भरवसा ठेवू नये, वजनावर ठेवावा. काच आधी आणि नंतर तोलायची. चौरस सेंटिमीटरला ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम हवं, म्हणजे पूर्ण काचेवर दोन ते चार मिलिग्रॅम. ओलावा नसल्याने रेणू कमी निघतात, त्यामुळे नंतर मिनिटभर किंचित आम्लाच्या वाफेत ठेवून स्फटिक पुन्हा जमवून घेतात.

काम बरं झालंय का, हे बघायला दोन फुकटचे साक्षीदार असतात. एक, मेंदूचा काप असेल तर ते सल्फटाइडचं झाड. फांद्यांच्या कडा मऊ झाल्या तर थर ओला पडला. दुसरा, हीम, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा लोहयुक्त रेणू. धन प्रभारात ६१६.१८ला तो दिसतो आणि रक्तवाहिन्या दाखवतो. वाहिनीच्या जागी धूसर ढग दिसला तर पुढची चित्रं वाचत बसू नये.

ठिपका किती लहान असावा

सगळ्यांनाच लहान ठिपका हवा असतो. हिशेब करून बघू. एक सेंटिमीटर लांबी-रुंदीचा काप ५० मायक्रॉनच्या ठिपक्यांनी मोजला तर ४० हजार ठिपके. १० मायक्रॉनने दहा लाख. पाचने चाळीस लाख. सेकंदाला दोन ठिपके मोजणाऱ्या यंत्राला पहिलं काम साडेपाच तासांचं, दुसरं पावणेसहा दिवसांचं. तेवढ्या वेळात काही मॅट्रिक्स निर्वातातच उडून जातात. मग चित्र एका बाजूला उजळ आणि दुसरीकडे फिकं दिसतं, आणि तो फरक ऊतीतला आहे असं वाटू शकतं. ठिपके ओळीने न मोजता उलटसुलट क्रमाने मोजले की हा घोळ चित्रभर विखुरतो आणि निदान फसवत नाही. तसंच, रोगी आणि निरोगी ऊतींचे काप एकाच काचेवर असावेत. वेगवेगळ्या दिवशी मोजलेल्या दोन काचांचा उजळपणा ताडून पाहणं म्हणजे दोन वेगळ्या तराजूंवर तोललेलं सोनं एका भावाने विकणं.

वेळेपेक्षा मोठी अडचण मालाची. दहा मायक्रॉन जाडीच्या कापातला दहा मायक्रॉनचा ठिपका म्हणजे बरोबर एक पिकोलिटर ऊती. साध्या पेशीचं आकारमानही याच घरातलं, एक ते काही पिकोलिटर. एखादा रेणू तिथे एक मायक्रोमोलर असेल तर त्या ठिपक्यात त्याचे सहा लाख रेणू आहेत. ऐकायला भरपूर. पण दहा हजारांत एकालाच प्रभार मिळाला असं धरलं तर आयन उरतात ६०. त्यातले काही हायड्रोजन लावून, काही सोडियम, काही पोटॅशियम लावून बाहेर पडतात, म्हणजे तीन शिखरांत वाटले जातात. वाटेत हरवतात ते वेगळेच. ठिपका पाच मायक्रॉनचा केला की या साठाचे पंधरा होतात. एकेका पेशीच्या चित्रांत पेशीपटलाचे मुबलक मेदच का झळकतात आणि संप्रेरकं का दिसत नाहीत, याचं उत्तर या हिशेबात आहे.

म्हणूनच ठिपका लहान करण्याबरोबर प्रभार वाढवण्याच्या युक्त्या आल्या. उडालेल्या ढगावर काही मायक्रोसेकंदांनी दुसरा लेझर मारून उरलेल्या रेणूंनाही प्रभार द्यायची पद्धत २०१५ साली म्युन्स्टरच्या गटाने मांडली. तिला माल्डी-२ म्हणतात आणि कित्येक मेदांचं शिखर तिने अनेक पटींनी वाढतं. याहून बारीक जायचं तर लेझर सोडून आयनांचा झोत वापरावा लागतो. नॅनोसिम्स हे यंत्र ५० नॅनोमीटरपर्यंत उतरतं, पण रेणूंचे तुकडे करून. नायट्रोजन-१५ सारखी खूण घातलेलं अन्न पेशीत कुठे पोचलं, हे त्यात उत्तम कळतं. अख्खा मेद ओळखणं त्याचं काम नव्हे.

बशीत वाढवलेल्या पेशी मोजायच्या तर धुणं महत्त्वाचं. नेहमीच्या खारट बफरने धुऊन तसंच सुकवलं तर मिठाचे स्फटिक पेशींवर बसतात. साध्या पाण्याने धुतलं तर पेशी फुगून फुटतात. १५० मिलिमोलर अमोनियम अॅसिटेट काही सेकंद फिरवलं की दोन्ही टळतं, कारण ते सुकताना उडून जातं. मग काचेवर पेनने चार खुणा करायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो, मॅट्रिक्स, मोजणी आणि पुन्हा फोटो. दुसऱ्या फोटोत लेझरने पाडलेले खड्डे दिसतात. खुणा जुळवून फोटो एकमेकांवर ठेवले की कुठला खड्डा कुठल्या पेशीत पडला ते कळतं. हायडलबर्गच्या ईएमबीएल या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत बनलेल्या स्पेसएम या पद्धतीचा गाभा हाच. खड्डा दोन पेशींवर अर्धाअर्धा पडला तर त्याचा आलेख क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटून द्यावा लागतो.

आकड्याला नाव देताना

यंत्र आकडा देतं, नाव आपण देतो. १८०.०६३ वस्तुमान ग्लुकोजचं, तेच फ्रुक्टोजचं, तेच गॅलॅक्टोजचं. फक्त वस्तुमान बघून ‘ग्लुकोज’ लिहिणं चूक. ‘हेक्सोज’ एवढंच लिहावं. एएमपीचं शिखर मोठं दिसलं तर पेशीची ऊर्जा संपलीय असं वाटतं, पण एटीपीचे फॉस्फेट लेझरच्या धक्क्यानेही गळतात आणि मागे एएमपी उरतो. मेटास्पेस या खुल्या संगणकप्रणालीत खोट्या नावांची टक्केवारी काढायची एक झकास युक्ती आहे. ऊतीत असणं शक्यच नाही अशी मूलद्रव्यं रेणूला जोडून बनावट वस्तुमानं तयार करतात आणि तीही शोधतात. बनावट जितकी ‘सापडली’, तितकीच खरी म्हणून मोजलेल्यांतलीही खोटी असणार.

आता ते उदाहरण. मेंदूची रक्तवाहिनी तुंबून एका भागाचा रक्तपुरवठा तुटला, त्याचा काप आहे. ७८२.५७चं चित्र काढलं तर मेलेला भाग झळझळीत उजळतो. कोष्टकात शोधलं की नाव मिळतं पीसी ३६:४, हायड्रोजनसह, ७८२.५६९४. (पीसी हा पेशीपटलातल्या मेदांचा एक गट; ३६ हे त्याच्या शेपट्यांतले कार्बन, ४ हे दुहेरी बंध.) या मेदाच्या पोटात बहुधा अॅराकिडोनिक आम्ल असतं आणि ते दाह पेटवणाऱ्या रसायनांचा कच्चा माल. मेलेल्या भागात दाहाचा माल वाढलाय! कथा इतकी जुळते की पुढे तपासायची इच्छाच होत नाही.

पण मेंदूत सर्वात मुबलक असणाऱ्यांपैकी एक मेद आहे पीसी ३४:१. हायड्रोजन लावून तो ७६०.५८५ला दिसतो, पोटॅशियम लावून ७९८.५४१ला आणि सोडियम लावून ७८२.५६७०ला. दोघांत फरक ०.००२४ डाल्टनचा. मघाच्या दोन मीटरच्या शर्यतीत हा फरक ४४ पिकोसेकंदांचा होतो. ही दोन शिखरं वेगळी करायला सव्वातीन लाखांच्या वरची विभेदनक्षमता (वस्तुमान भागिले वेगळा करायचा फरक) लागते. ती शक्तिशाली चुंबकाच्या एफटी-आयसीआर यंत्रात मिळते, धावत्या नळीत नाही.

आणि मेलेल्या पेशीत काय होतं? जिवंत पेशी पंप चालवून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवते. ऊर्जा संपली की पंप थांबतो, सोडियम आत शिरतं, पोटॅशियम बाहेर गळतं. मेद होता तितकाच आहे, फक्त त्याला आता पोटॅशियमऐवजी सोडियम चिकटतंय. ७८२.५६७ उजळतं ते त्यामुळे. चित्र खोटं नाही. ते मिठाचं आहे, आपण ते मेदाचं म्हणून वाचलं.

पडताळा दोन पायऱ्यांत होतो. आधी ७९८.५४१चं चित्र शेजारी ठेवावं. जिथे ७८२.५७ वाढलंय नेमकं तिथेच ते काळवंडलं असेल तर मिठावर संशय घ्यावा. मग त्याच ऊतीचा लगतचा काप मॅट्रिक्स लावण्याआधी ५० मिलिमोलर थंड अमोनियम फॉर्मेटमध्ये दहा-पंधरा सेकंद धुवावा. पाण्यात विरघळणारे लहान रेणू त्यात जातात, म्हणूनच हे मूळ कापावर करायचं नाही, शेजारच्यावर करायचं. मीठ निघून गेलं की मेदांना हायड्रोजनच उरतो आणि ७८२.५७ला जे शिल्लक राहील ते बहुतांशी पीसी ३६:४. तो उजेड धुतलेल्या कापातही मेलेल्या भागात टिकला तर दाहाची कथा पुढे न्यायला हरकत नाही. मावळला तर पंप कुठे बंद पडला याचा चांगला नकाशा हाती आहे. त्याला तेच नाव द्यावं.